पहिला बार

वडिलांनी एकनळी विकून ऑटोमॅटिक बंदूक घेतली ती भातातल्या रानडुकरांसाठी. एक बार उडाला की त्याच्याच जोरावर पुढचं काडतूस आपसूक चढतं, असं ते डोळखांबच्या पाड्यावर ज्याला त्याला सांगत. पण भात पिकायला आणि निवडणूक लागायला जणू एकच मुहूर्त. बंदूक पोलीस ठाण्यात जमा आणि डुकरं शेतात. निवडणूक नसेल त्या वर्षी डुक्कर मारायची परवानगी हातात पडेपर्यंत भात संपलेलं असे.

वडील गेले आणि लायसन माझ्या नावावर आलं. गंज चढू नये म्हणून मी नळीत गज फिरवतो, स्प्रिंगला तेल देतो. विकायला नेली तर दुकानदार म्हणाला, "लायसनवालं गिऱ्हाईक आण." ते कुठून आणू? आता शेत पडीक आहे, तिकडे डुकरंही फिरकत नाहीत.

परवा बंदूक पुसताना आई म्हणाली, "ती कधी वाजली नाय. कशाला पुसतोस रे?"

"पुढचे बार आपसूक निघतात, आये," मी म्हटलं. "पहिला तेवढा आपल्याला काढावा लागतो."

आमच्या घरात तो कुणाच्याच हातून निघाला नाही.