दिवसा झोपणाऱ्यांसाठी एक प्रस्ताव

चिंचवडच्या एका लहान रुग्णालयात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. चाकणच्या कारखान्यांतली माणसं रात्रपाळी उरकून सकाळी थेट माझ्याकडे येतात. डोळे उघडे, पण नजर पाण्याखालून आल्यासारखी. चाकणजवळच्या एका गावातल्या तरण्याताठ्या कामगारानं एकदा सांगितलं, "झोप येती वो मॅडम. पण मी झोपंत जात न्हाई. दाराशी नुसता उभा ऱ्हातो."

त्या दाराशी मीही कित्येक दिवस उभी राहिले. पाळी सतत बदलत राहिली की माणसाच्या मनाचं काय होतं, यावर संशोधन करायचं मी मनाशी पक्कं केलं. त्यासाठी निधी हवा होता. रावेतच्या घरी गॅलरीत बसून, एक्सप्रेसवेची अखंड गाज ऐकत मी प्रस्ताव लिहिला. तो परत आला. विषय महत्त्वाचा आहे, पण प्रश्न स्पष्ट नाही, असं निधी देणाऱ्या समितीनं कळवलं होतं. वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, ते खरं वाटलं.

ताथवड्याला कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तेव्हा आळंदीच्या बाईंचं नाव सुचवलं. बाईंनी बरीच वर्षं असे प्रस्ताव तपासले होते. निवृत्तीनंतर त्या नव्या संशोधकांना अर्ज लिहायला मदत करत. मी फोन केला, तर म्हणाल्या, "रविवारी सकाळी या. लॅपटॉप आणा, पण उघडायची घाई करू नका."

बसमधून उतरले तेव्हा आळंदी धुक्यात होती. इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत होता. तो घाणीचा आहे हे माहीत असूनही क्षणभर वाटलं, आभाळच खाली येऊन वाहतंय. कुठल्याशा माडीवर विद्यार्थी मृदंगाचे बोल घोकत होते. बाईंचं घर नदीपासून जवळच होतं. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "हा विषय तुमच्या डोक्यात कुणी घातला? त्या माणसाबद्दल सांगा."

मी दाराशी उभ्या राहणाऱ्या त्या कामगाराबद्दल सांगितलं. मृदंग थांबला, पुन्हा सुरू झाला. मी बोलत होते की कुणाचं तरी स्वप्न सांगत होते, मलाच कळेना.

"आता मला तुमचा प्रश्न दिसला," त्या म्हणाल्या. "प्रस्तावात का नाही दिसत? तिथे ताण आहे, नैराश्य आहे, व्यसन आहे, संसार आहे. सगळं गाव उचलून आणलंय तुम्ही. एक दार निवडा."

"झोपेचं?"

"ते तुम्ही ठरवा. पण आणखी एक सांगा. मुलाखत देताना एखादा माणूस कोसळला, जगावंसं वाटत नाही म्हणाला, तर त्या क्षणी तुम्ही काय करणार?"

माझ्या प्रस्तावात याचं उत्तर नव्हतं. रोज अशाच माणसांसमोर बसणारी मी, कागदावर त्यांना एकटं सोडून आले होते. माझा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, "होतं असं. लिहायला बसलं की आपण समितीकडे बघतो, माणसाकडे पाठ होते. आधी त्या कामगाराच्या घरी जाऊन या."

मी गेले. त्या कामगारानं अंगणात खाट टाकली. त्याची बायको उंबऱ्यावर बसली. अभ्यासाबद्दल सगळं ऐकून तिनंच विचारलं, "कंपनीत कळंल का ह्ये?"

"नाही कळणार."

"मग कंपनीत इचारू नका. आन् आमालाबी इचारा. ह्यांच्या झोपंवर घर चालतंय. पोरं दिवसभर कुजबुजत्यात."

ती बोलत होती आणि माझा प्रस्ताव मनातल्या मनात नव्यानं लिहिला जात होता.

मुलाखती कारखान्याबाहेर घ्यायच्या, जोडीदारांनाही बोलतं करायचं, त्रास वाढला तर त्याच दिवशी डॉक्टर भेटेल अशी सोय ठेवायची, असं ठरलं. आकड्यांची बाजू बघायला बाईंनी एक जाणकार जोडून दिला. पुढचे कितीतरी रविवार आळंदीत गेले. बाई वाक्य मोठ्यानं वाचत आणि विचारत, "हे त्या कामगाराच्या बायकोला वाचून दाखवाल?" मी मान खाली घातली, की त्या ते वाक्य खोडत.

नवा प्रस्ताव पाठवला, तरी समितीनं मोठा अभ्यास मंजूर केला नाही. आधी छोटा करून दाखवा, म्हणाले. तेवढ्यापुरता निधी दिला. मी बाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा माझा आवाज थोडा पडलेला असावा.

"छोटा म्हणजे किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "प्रत्येकाचं नीट ऐकता येईल."

पहिली बैठक त्या कामगाराच्या गावच्या समाजमंदिरात झाली. भर दुपार होती. माणसं सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती, एका बाजूला त्यांच्या बायका. पंखा संथ फिरत होता. मग एक वयस्कर गृहस्थ खाकरले. मराठवाड्यातून कामासाठी आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे.

"मला स्वप्नात पाऊस ऐकू येतो," ते म्हणाले, "उठून बघावं तर कडक ऊन."

शेजारचा हसला. "मला बी, भाऊ. सेम."

आणि मग सगळेच बोलू लागले.