विचारल्याशिवाय आत नाही

“आधी इचारायचं, मंग आत,” असं म्हणत काका उजवा हात आडवा धरायचे. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन पिंपळे गुरवला आमच्या शेजारी राहायला आले, पण हात काही खाली आला नाही.

एकुलती मुलगी परदेशात. रविवारी सकाळी ती व्हिडिओ कॉल करायची, कॉम्प्युटर घेतला तो त्यासाठीच. कुठेतरी फसवणुकीची बातमी ऐकली आणि काकांनी फायरवॉलसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या राखणदारासाठी, मला पकडलं. तुम्हालाही माहीत असेल, कॉम्प्युटरमध्ये नोकरी करणाऱ्याला शेजाऱ्यांकडून सुट्टी नसते.

“काका, आत आहे तीच पुरे. ती स्वतःच ठरवते.”

“मला न इचारता? न्हाई राव. इचारणारी बसव.”

वाद घालायचं त्राण नव्हतं. प्रत्येक प्रोग्रामसाठी परवानगी मागणारी फायरवॉल बसवून दिली. काकांनी शेजारी वही ठेवली: नाव, काम, आत, बाहेर. पत्त्यांचा खेळ उघडला तरी नोंद व्हायची.

मग बापलेकीचं वाजलं. ती म्हणे, घर विका आणि माझ्याकडे या. हे म्हणे, येत नाही. त्यानंतर तिचा कॉल आला नाही, आणि आपण होऊन फोन करतील तर ते काका कसले!

“पोरीचा कॉल येईना. जरा मशीन बघतोस का?” त्यांनी जिन्यात दोनदा विचारलं. मी दोन्ही रविवार झोपून काढले.

तिसऱ्या रविवारी गेलो, तर काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्क्रीनसमोर बसलेले. फायरवॉलची यादी उघडली. अडवलेल्यांत पहिलंच नाव कॉलच्या प्रोग्रामचं. तो अपडेट झाल्यावर फायरवॉलने पुन्हा विचारलं होतं, आणि इंग्रजी नाव अनोळखी वाटून काकांनी ‘नाही’ दाबलं होतं.

“म्हंजी पोरगी तीन आठवडं गेटवर उभी व्हती? आन् मीच न्हाई म्हणलो?”

मला माझीच लाज वाटली. पाच मिनिटांचं काम होतं. परवानगी दिली, कॉल लागला. बाबा मुद्दाम घेत नाहीत, असं ती धरून बसली होती. आधी रडली, मग रागावली. काका नुसते ‘व्हय, व्हय’ करत होते.

गेल्या महिन्यात काका वारले. मुलगी आली, कॉम्प्युटर आवरायला मला बोलावलं. वही तिथेच होती. सगळ्या ओळींचे चारही रकाने भरलेले. फक्त त्या रविवारच्या ओळीत तिचं नाव, काम ‘बोलणं’, आत नऊ वाजता, आणि ‘बाहेर’ कोरं. पुढेही ती दर रविवारी बोलली होती, पण पुन्हा आत आल्याची एकही नोंद नव्हती.

“लिहायचं विसरले असतील,” ती म्हणाली. काका नोंद विसरत नसत, हे तिलाही माहीत होतं.