बू शी-जूनच्या नावाखालची जागा

बू लोकांचा मूळपुरुष आईच्या पोटी जन्मला नाही. तो जेजू बेटावर जमिनीतल्या भोकातून वर आला. भोकं तीन, माणसंही तीन: को, यांग आणि बू. आधी कोण वर आला यावरून को आणि यांग आजही हमरीतुमरीवर येतात. बू शेवटी आला हे मात्र दोघांनाही मान्य आहे. बू मान-सिकची बायको कोंच्या घरातली. सत्तरी उलटली तरी नवऱ्याला ऐकवायची, "आमचा आजा वर येऊन, हातपाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा कुठे तुमच्याला जाग आली."

तेव्हापासूनची सगळी वंशावळ पोथीत होती. दर तीस वर्षांनी ती नव्याने छापत. कोण कुणाचा, कुणाची बायको कुठल्या घरातली, थडगं कुठल्या उतारावर, सगळं त्यात चोख. फक्त मान-सिकच्या नावावरचा बाप खरा नव्हता.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात सैन्याने डोंगराकडची गावं जाळली. मान-सिकच्या आईबापांना धरून खाली किनाऱ्याकडे नेलं, ते परत आले नाहीत. काका शी-हाक आणि काकू दोन तान्ह्या पोरांना घेऊन गुहेत लपले होते. एक त्यांचं, एक भावाचं. वसंतात ते खाली उतरले तेव्हा काकूच्या पाठीवर एकच पोर होतं. ते भावाचं. बाप शी-जूनचं नाव बंडखोर म्हणून सैन्याच्या यादीत, त्यामुळे त्याचं पोर म्हणजे फितुराचं पोर. काकाने चौकीवर सांगितलं, "हा माझा मुलगा, मान-सिक." मान-सिक हे गुहेत मेलेल्याचं नाव होतं. ते जगलेल्याला चिकटलं आणि चिकटूनच राहिलं.

हे त्याला कुणी कधी सांगितलं नाही. पण आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे बू थडग्यांवरचं गवत कापायला जात, तेव्हा काका एका थडग्यापुढे त्याला पुढे ढकलायचा आणि म्हणायचा, "आधी तू वाक." आधी वाकायचा मान मुलाचा. त्या थडग्यात हाडं नव्हती, शी-जूनची एक टोपी पुरलेली होती. पोर काही आंधळं नव्हतं.

आता मान-सिक शहात्तर वर्षांचा होता आणि नवी पोथी छापायला निघाली होती. ती सांभाळणारा बू योंग-दे वयाने अठ्ठावन्नचा, पण पिढीने आजोबा लागायचा. त्या टकल्याला आजोबा म्हणताना मान-सिकची जीभ अडखळायची.

"आजोबा, शी-जूनच्या नावाखाली मागच्या पोथीत काय आहे?"

"कोरं आहे. तुझ्या काकाने हट्टाने कोरं ठेवायला लावलं होतं. या खेपेला कोरं चालणार नाही. एक तर मुलगा लिहायचा, नाही तर निर्वंश."

"मग मला लिहा."

योंग-देने चष्मा काढला. "लिहितो की. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण बाबा रे, मान-सिक तर शी-हाकचा मुलगा. त्याच्यापुढे 'लहानपणी वारला' असं लिहावं लागेल. आणि तुझ्या बापाने तुझं नाव काय ठेवलं होतं, ते आण. नाव नसलेला मुलगा पोथीत कसा बसवू?"

इथेच घोडं पेंड खात होतं. चावडीचं दप्तर गावाबरोबर जळलेलं. ते नाव माहीत असलेलं एकच माणूस जिवंत होतं: काकू, जिला तो जन्मभर आई म्हणत आला. सत्त्याण्णव वर्षांची. अंगणापलीकडच्या घरात तिची वेगळी चूल होती आणि सुनेच्या हातचं खाणं म्हणजे आपण संपलो, असं ती मानायची.

ती जोंधळ्याची पेज ढवळत होती. मान-सिकने सगळं सांगितलं.

"माझ्या पोरापुढे वारला लिहिणार?" ती म्हणाली. "एकदा मेला तो. आता तू दुसऱ्यांदा मार."

"आई, माझा बाप निर्वंश ठरतोय. मी जिवंत असताना."

"मग मी काय करू? दूध पाजलं, पाठीवर वागवलं, तेव्हा कोण आलं होतं पोथी घेऊन? ऊठ. पेज लागेल खाली."

मान-सिकचं डोकं फिरलं. "एक नाव सांगायला तुझं काय जातं गं म्हातारे?" असं तो ओरडला आणि दार आपटून निघून आला. त्या माउलीवर आवाज चढवायची ती त्याची पहिली वेळ. महिनाभर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. तो संत्र्याच्या बागेत राबायचा आणि मनातल्या मनात नावं लावून बघायचा. एकही आपलं वाटेना.

आठव्या महिन्याचा पहिला दिवस आला. मान-सिक एकटाच आधी टोपीच्या थडग्याकडे गेला. भोवतीच्या काळ्या दगडांच्या गडग्यापाशी म्हातारी बसली होती. काठी टेकत अर्धा डोंगर चढून आली होती.

"बस," ती म्हणाली. "लिही माझ्या पोराला वारला. खरंच आहे ते. त्याला मीच दाबून धरलं होतं, बाहेर शिपाई होते आणि तो रडत होता. तू झोपला होतास."

पाऊणशे वर्षं ज्या नावाने ती त्याला हाक मारत होती, ते दर वेळी तिच्या तोंडी कसं आलं असेल, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो गवतातच बसला.

"आणि माझं नाव, आई?"

म्हातारी थडग्यावरचं गवत उपटू लागली. "नाही आठवत. चौकीवर तोंडातून निसटलं तर तुला नेतील, म्हणून रोज रात्री स्वतःला बजावायची, विसर, विसर. वर्षानुवर्षं तेच केलं. मग तू मोठा झालास, भीती गेली, म्हटलं आता आठवू. तर नाहीच. महिनाभर शोधतेय रे. तुझ्या बापाने केवढ्या हौसेने ठेवलं होतं, तेवढंच आठवतं." आणि ती कपाळावर मुठी मारून घेऊ लागली.

त्याने तिचे हात धरले.

दुसऱ्या दिवशी तो योंग-देकडे गेला. "आजोबा, माझं आहे तिथेच राहू द्या. तिच्या पोरापुढे वारला लिहू नका."

"आणि शी-जून?"

मान-सिकने नकारार्थी मान हलवली. योंग-देने कागद पुढे ओढला, बू शी-जूनच्या नावाखाली लिहिलं, निर्वंश, आणि घरातल्या माणसाची सही लागते म्हणून कागद त्याच्यापुढे सरकवला. मान-सिकने दुसऱ्याच्या नावाने सही केली.

घरी आला तेव्हा अंगणापलीकडून धूर येत होता.

"मान-सिक!" म्हातारीने हाक मारली. "अरे मान-सिक, पेज निवतेय!"

ती कुणाला बोलावतेय हे त्याला आता ठाऊक होतं.

"आलो, आई," तो म्हणाला आणि गेला.