सात किलोचं मशीन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा मी माणूस नाही. तीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढली. काट्यावर दिसेल तेवढंच वजन खरं मानायचं, ही सवय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटतेय... पण लिहितो.

बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत – सात किलोचं, फ्रंट लोड. कपडे टाकून बटण दाबलं की ते आधी ड्रम हलवून वजनाचा अंदाज घेतं आणि मग किती वेळ लागणार ते दाखवतं. ड्रम भरलेला असेल तर एक तास बारा मिनिटं. थोडेच कपडे असतील तर पाऊण तासाच्याही आत.

सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, नियम एकच. मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही. पाणी वाया, वीज वाया, पावडर वाया. मी चारच कपडे टाकायला गेलो की म्हणायची, "अहो, अर्धं मशीन फिरवायला आपण काय संस्थानिक आहोत?" दोघांचे कपडे, चादरी मिळून तिसऱ्या दिवशी ड्रम भरायचा.

ती गेली. नियम मी मोडला नाही. पण एकट्याचे कपडे साचून साचून किती साचणार? दहा दहा दिवस लागायचे. आठव्या दिवशीच शर्ट संपायचे. मग मी पडदे, धुतलेले टॉवेल, काय वाट्टेल ते कोंबून ड्रम भरायचो. घरात मला सगळ्यात एकटं कुठे वाटत असेल तर त्या अर्ध्या ड्रमपाशी.

मुलगी मृणाल पुण्यातच, मांजरीला राहते. तिने हे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, बास झालं. एका माणसाला सात किलोचं कशाला? हे एक्स्चेंजमध्ये देऊ, छोटं घेऊ." मुद्दा बरोबर होता. मी हो म्हणालो. मंगळवारी माणसं मशीन न्यायला येणार होती.

सोमवारी सकाळी म्हटलं, शेवटचं लावून घेऊ. तीन शर्ट, दोन पायजमे, एक टॉवेल. नियम मोडतोय याचं वाईट वाटत होतं. बटण दाबलं. ड्रम हलला, थांबला... एक तास बारा मिनिटं.

बंद करून पुन्हा लावलं. तेच. कपडे बाहेर काढून प्रवासाच्या बॅगा मोजायच्या काट्याला लावले – दोन किलोही नाहीत. परत आत टाकले. एक तास बारा.

आमचे नेहमीचे मेकॅनिक शेखभाई दुपारी आले. त्यांनी घरातली एक चादर टाकून पाहिली, वेळ बरोबर कमी आला. माझे कपडे टाकले... एक तास बारा.

"सेन्सर ओके आहे, काका. त्याला जेवढं वजन लागतं, तेवढंच ते दाखवतं."

"मग हे काय?"

ते ड्रमकडे बघत राहिले. "काकू होत्या तेव्हा एवढंच दाखवायचं ना?"

मी चहा विचारला – तोही पुण्यात – तरी ते थांबले नाहीत.

संध्याकाळी मृणालला फोन करून एक्स्चेंज रद्द करायला सांगितलं. "का हो बाबा?" मी म्हणालो, "मशीन भरतंय." ती "बरं" म्हणाली.

याला आता वर्ष होईल. व्होल्टेज, पाण्याचा दाब, मशीनखालची फरशी, सगळं तपासून झालं. कारण सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही. हल्ली दर तिसऱ्या दिवशी मशीन लावतो, चारच कपडे असले तरी. दर वेळी एक तास बारा मिनिटं. तेवढा वेळ मी खुर्ची टाकून शेजारी बसतो.

मग मशीन थांबतं. दार उघडताना दर वेळी थोडी आशा असतेच... पण दोरीवर वाळत घालायला कपडे फक्त माझेच निघतात.