गाडीतली लेकीची जागा

माझी थोरली लेक जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती. तळवे एकमेकांसमोर, हात जोडावेत तसे. मळवलीच्या आमच्या आळीत ही गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली. कुणी म्हणालं, ग्रहणात काहीतरी चिरलं असंल. कुणी म्हणालं, पोटात पोर असताना पुस्तकं घेऊन बसायची, दुसरं काय व्हनार? मी बी.ए. होते. वराळ्याला माझ्या माहेरी माझ्याआधी कुणी सातवीपुढे गेलं नव्हतं, आणि ही पदवी मी लग्नानंतर, सासरी नांदून मिळवली होती. ते मी अजूनही मान वर करून सांगते. असल्या बोलण्याला उत्तर देत बसायला मला वेळ नव्हता. बाळंतपणाचा महिना सरला तशी मी लेकीला उचलली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली.

हाडांच्या डॉक्टरांनी तिची पावलं हातात घेऊन बघितली. म्हणाले, "सरळ होतील. पण दर आठवड्याला यायचं. दर खेपेला पाऊल थोडं वळवायचं आणि प्लॅस्टर घालायचं. मधेच प्लॅस्टर तडकलं तर पाऊल पुन्हा आत जातं आणि केलेलं सगळं फुकट. समजलं ना बाई? पोर सांभाळून आणायची."

समजलं होतं. माझी लेक चालणार की नाही, हे आता मळवली ते पुणे या रस्त्यावर ठरणार होतं.

पहिल्या काही खेपा आगगाडीनं केल्या. चढता-उतरताना कुणाची ना कुणाची ट्रंक तिच्या पायाला लागायची आणि माझा जीव गोळा व्हायचा. माझ्या नवऱ्याची लोणावळ्याला स्टेशनाबाहेर टॅक्सी होती. बंगलेवाल्यांची ने-आण तो करायचा. तो म्हणाला, "मंगळवारी गिऱ्हाईक कमीच असतं. मंगळवार पोरीचा." शाळेत मोठ्या बाईंनीही माझे मंगळवारचे तास शनिवारी घालून दिले. मी लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते.

टॅक्सी जुनी होती, पुढची सीट बाकासारखी सलग. मी मागे बसले, लेक मांडीवर. कामशेतच्या खिंडीत वळणावर अचानक म्हशी आल्या. नवऱ्यानं ब्रेक दाबला. मी दोन्ही हातांनी पोर धरली होती, तरी ती साबणाच्या वडीसारखी माझ्या हातातून निसटली आणि तिचे पाय पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. तिला खरचटलंही नाही. पण डाव्या घोट्यावर प्लॅस्टरला चीर गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी ती चीर बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मागचे दोन आठवडे गेले."

घरी आल्यावर सासूबाईंनी चुलीपुढूनच विचारलं, "काय झालं?"

सांगितलं.

"तुला पोर धरता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पुस्तकं धरून धरून हात मऊ पडल्यात तुजं. पुढल्या येळंला मी येते."

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. माझं कॉलेज चालू होतं तेव्हा पहाटेचं दळण आणि भाकरी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती, तेही कुणी न सांगता. त्यामुळे त्यांनी काहीही बोलावं आणि मी ऐकून घ्यावं, असं आमचं चालायचं. पण या खेपेला मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, "आत्या, हाताचं काम नाही हे. पोरीला बसायला जागा पाहिजे. धक्का बसला तरी हलणार नाही अशी."

"मांडीपरीस बरी जागा कुटं असती गं?"

आठवडाभर मी तेच शोधत होते. नवरा ज्या बंगल्यावर गाडी घेऊन जायचा तिथल्या मुंबईच्या बाईंकडे लहान मुलाची विलायतेहून आणलेली सीट होती. नातू मोठा झाला म्हणून त्यांनी ती देऊन टाकली. निळ्या रेक्झिनची, वर पांढरी किनार, समोर खेळण्यातलं चाक, आणि मागे दोन वाकवलेले लोखंडी आकडे. ते पुढच्या सीटच्या पाठीवर अडकवायचे की झालं. मला इतका आनंद झाला की मी ती अंगणात उन्हात ठेवून सगळ्या आळीला दाखवली.

नवरा आकड्यांकडे बघत राहिला. "नुसती अडकवलीय गं ही. धरून काय ठेवलंय हिला?"

"विलायती आहे. त्यांनी विचार केला नसेल का?"

"मग आपण करून बघू ना."

त्यानं पोरीच्या वजनाइतका, प्लॅस्टर धरून, आंबेमोहर एका पिशवीत भरला. पिशवीचं तोंड आत्यांनी दोऱ्यानं शिवून दिलं आणि ती पिशवी निळ्या सीटमध्ये बसवली. आम्ही तिघं गाडीत बसलो. लेक शेजारणीकडे. कार्ल्याकडच्या सरळ रस्त्याला नवऱ्यानं गाडी पळवली आणि "धरा!" म्हणून ब्रेक मारला. निळी सीट आकड्यांसकट उठली, कोलांटी खाऊन पुढच्या काचेवर गेली आणि तिथून नवऱ्याच्या पायांत पडली.

आत्या हसून हसून बेजार. "विलायती हाय ना गं ती! उडनारच!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "आन हिकडं ती पिशवी. दावते तुला पोर कशी धरत्यात ती."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. पदर तिच्याभोवती गुंडाळला, दोन्ही हातांची मिठी घातली, पाय पुढच्या सीटला रोवले. चार पोरं वाढवलेली बाई. भाताची ओझी डोक्यावर वाहिलेली. त्यांच्या हातांना मऊ कोण म्हणेल? नवऱ्यानं माझ्याकडे आरशातून बघितलं. मी मान हलवली. त्यानं पुन्हा गाडी पळवली आणि ब्रेक मारला.

पिशवी त्यांच्या मिठीतून सुटून पुढच्या सीटवर आदळली. शिवण उसवली, तांदूळ गाडीभर झाला.

या वेळी कुणी हसलं नाही. आत्या वाकून दाणे वेचायला लागल्या. एकेक दाणा वेचून ओच्यात टाकत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "म्हातारी झाले बाबा मी."

"नाही आत्या," मी म्हटलं. सांडलेला तांदूळ पुन्हा पिशवीत भरला, तोंड बांधलं आणि ती स्वतःच्या मांडीवर घेतली. "अहो, मारा."

माझ्याही हातातून ती गेली. मग आत्यांनी स्टिअरिंगवर बसलेल्या लेकाच्या पाठीत एक धपका घातला. "तू बी घे की! आमालाच काय नाचवतोस?"

"मी घेतो, पण गाडी कोण चालवील? तू?"

"चालवीन की. तुज्यापरीस बरी चालवीन. म्हशी तरी दिसतील मला."

तेव्हा कुठे आम्ही तिघंही हसलो. मांडीचा विषय मात्र त्या दिवशी मिटला.

पुढची युक्ती माझी. एक फळी मागच्या सीटवर आडवी टाकली, वर गादी घातली, पोरीला उताणी झोपवली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी फळीसकट बांधली. छातीवर, पोटावर, मांड्यांवर. गाठी पक्क्या मारल्या. शेजारच्या बायका बघायला जमल्या होत्या. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. तांब्या पायरीवर ठेवला, गाडीत शिरल्या आणि गाठी सोडायला लागल्या.

"आत्या, अहो, घट्ट बांधायलाच पाहिजे..."

"सूनबाई, फळीवर उतानं निजवून, पट्ट्यांनी बांधून कुनाला नेत्यात? ठावं न्हाई तुला? का कालेजात शिकवलं न्हाई?"

मला सांगायचं होतं की तिरडी वेगळी आणि गाडी वेगळी. मला हे सगळं मान्यही नव्हतं, आजही नाही. पण फळीवर बांधलेल्या माझ्या लेकीकडे मी बघितलं आणि मला तेच दिसलं जे त्यांना दिसत होतं. मी दुसऱ्या बाजूनं गाठी सोडायला घेतल्या.

त्या मंगळवारी आम्ही पुन्हा आगगाडीनंच गेलो. आत्याही आल्या. डब्यात कुणी जवळ आलं की त्या खेकसायच्या, "लांब! लेकराचं पाय हायती!" एका रेल्वेच्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. परतताना, खिडकीबाहेर बघत, त्या आपण होऊन म्हणाल्या, "बसवून बांध. निजवून नगं. आन त्वांड माज्याकडं पायजे. तिचं त्वांड दिसलं म्हंजी मग बांधल्यालं बी चालंल मला."

या एका वाक्यावरून सगळं सुचलं. नवऱ्यानं स्टेशनाच्या गोदामातून देवदाराचं एक मजबूत खोकं आणलं, यंत्राचे भाग येतात त्यातलं. ते मागच्या सीटपुढे, गाडीच्या तळावर उभं केलं आणि त्याची पाठ पुढच्या सीटच्या पाठीला लोखंडी पट्ट्यांनी बोल्ट मारून आवळली. पोरीची पाठ ड्रायव्हरकडे, तोंड मागे बसलेल्या आजीकडे. पाय आजीच्या बाजूला, घडी घातलेल्या गोधडीवर. बांधायला खाटेची नवार घेतली. दोन पट्टे खांद्यांवरून, एक मांड्यांमधून, आणि तिन्ही पोटावर एका बकलात अडकणारे. ते बकल लोणावळ्याला टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवणाऱ्यानं लावून दिलं. एका हातानं उघडलं पाहिजे, एवढीच माझी अट होती.

"घोड्याचा पट्टा लेकराला?" आत्यांनी विचारलं.

"घोडा निसटत नाही ना आत्या त्यातून?"

"न्हाई निसटत." मग जरा विचार करून, "पर मदी मऊ काय तरी घाल. तिच्या गळ्याला लागंल."

त्यांनीच जुन्या धडप्यांच्या छोट्या छोट्या गोधड्या शिवल्या आणि खोक्यात चहूबाजूंनी कोंबल्या. पोर लहान होती तेव्हा त्यांच्यात रुतून बसायची, नुसता चेहरा दिसायचा. पुढे ती भरत गेली तशी आम्ही एकेक गोधडी काढत गेलो. नवारीला पुढे नवी भोकं पाडत गेलो. ती मान धरायला लागली, बसायला लागली, तसं खोक्याचं बूड उंचावलं, बाजू तासून खाली केल्या. दर थोड्या दिवसांनी तांदळाची पिशवी नव्यानं भरून, आधीपेक्षा जड, नवरा कार्ल्याच्या रस्त्याला जाऊन यायचा. स्टेशनावरचे टॅक्सीवाले त्याला विचारायचे, "काय शेठ, आज तांदळाला कुटं फिरवून आणला?" तो म्हणायचा, "तांदूळ भाडं देत नाय, पण उलटी पण करत नाय."

एकदा देहूरोडजवळ समोरच्या ट्रकनं न बघता गाडी वळवली. नवऱ्यानं इतका जोरात ब्रेक मारला की आत्या आणि मी दोघीही पुढे गेलो. आत्यांच्या हातातल्या बांगड्या खोक्याच्या कडेवर फुटल्या. मी वर बघितलं तेव्हा लेक होती तिथेच होती. पाठीमागे खोक्यात दाबली गेली होती, एवढंच. आजी अशी एकदम तोंडासमोर आलेली बघून ती खदखदा हसली. तिला वाटलं, खेळ चाललाय. आत्यांनी मनगटावरचं रक्त पदराला पुसलं आणि पहिल्यांदा तिचे पाय चाचपले. दोन्ही प्लॅस्टर धड होती.

अशी वर्षभराहून जास्त आमची मंगळवारची ये-जा चालली. मग एका मंगळवारी डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं आणि नवीन घातलं नाही. लेकीला दवाखान्याच्या फरशीवर उभी केली, काखेत धरून. तिची पावलं फरशीवर सपाट टेकली. पांढरीफटक, सुरकुतलेली, खूप दिवस पाण्यात राहिल्यासारखी, पण सपाट. डॉक्टर म्हणाले, रात्रीचे बूट घालायचे, महिन्यातून एकदा दाखवायचं, आणि आता चालू द्या.

बाहेर गाडीशी आलो. आत्यांनी लेकीला खोक्यात ठेवलं नाही. आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. तिची उघडी पावलं त्यांच्या हातात होती. इतक्या महिन्यांत त्या पावलांना आमच्यापैकी कुणाचा हात नीट लागलाच नव्हता.

नवऱ्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आता पलास्टर न्हाई रं," आत्या म्हणाल्या. "आता कशापायी बांधायचं? एवढ्या दिसांनी हाताला लागली माज्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मलाही तिला खोक्यात ठेवावीशी वाटत नव्हती. मलाही ती पावलं धरायची होती. पण पुढे देहूरोड होतं, कामशेतची खिंड होती, आणि पिशवी माझ्याही हातातून गेली होती. मी म्हटलं, "आत्या, जोवर गाडी उभी आहे तोवर घ्या तिला."

नवऱ्यानं किल्ली काढली. "चहा पिऊन येतो," म्हणाला, आणि समोरच्या हॉटेलात गेला.

मी आत्यांजवळ सरकले. एक पाऊल त्यांनी धरलं होतं, दुसरं मी धरलं. आम्ही दोघी ती चोळत बसलो. लेक कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती आणि अंगठा ओढून घेत होती, पुन्हा देत होती. नवरा हॉटेलाच्या दारात उभा होता. त्याचा चहा कधीच संपला होता, हे आम्हाला दिसत होतं. तो पेपर वाचल्यासारखं करत होता.

बऱ्याच वेळानं आत्यांनी लेकीच्या दोन्ही तळव्यांची पापी घेतली, तिला उचलून खोक्यात बसवली, पट्टे खांद्यांवरून घेतले आणि बकल लावलं. ओढून बघितलं. मग खिडकीतून हाक मारली, "चल रं. लय चहा झाला."