पत्र्याआडचं कोकण

आमच्या घराण्याने एके काळी ग्वाल्हेरच्या दरबाराला मुहूर्त काढून दिले. फौजेने कूच कधी करायचं, वाड्यातल्या मुलीची पाठवणी कधी करायची, हे आमचे पूर्वज सांगत. त्यांच्या मुहूर्तावर निघालेल्या किती फौजा जिंकून परत आल्या, हे मात्र आमच्या घरात कोणी सांगत नाही. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तेव्हा मला गप जेव म्हणून सांगितलं.

आता दरबार उरला नाही, पण खोड उरली आहे. दौलतगंजात आमचे काका राहतात. त्यांचे कान गेलेत, गुडघे गेलेत, पंचांग शाबूत आहे. एक नाही, दोन. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची ही खास अडचण. एक पंचांग आपलं, पूर्वजांनी दक्षिणेतून आणलेलं, अमावास्येला महिना संपवणारं. दुसरं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं, पौर्णिमेला संपवणारं. शहाणी माणसं दोन्हींतलं सोयीचं तेवढं घेतात. काकांचा नियम उलटा. वाईट दिवस कुठल्याही पंचांगातला असो, तो टाळायचा. आणि चांगला दिवस दोन्हींत चांगला असेल तरच धरायचा. या नियमाने काका स्वतः जन्मले कसे, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या थोरल्या भावाचा शहराबाहेर, झाशीच्या रस्त्यावर एक पार्क आहे. चार घसरगुंड्या, एक मोठा तलाव, आकाशपाळणा आणि एक छोटी आगगाडी, जी चढावर ढकलावी लागते. दादाला एकच मुलगी, माझी भाची. ती पुण्यात शिकली, तिथे नोकरीला लागली आणि एक दिवस बॅग घेऊन परत आली. इंदरगंजातल्या नातेवाइकांना हे फारच संशयास्पद वाटलं. आमच्याकडची मुलं पुण्याला जातात. पुण्याहून परत येत नाहीत. पूर्वज ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने नातवंडं परत चालली आहेत, आणि इथे मागे राहिलेत गुडघे.

पोरगी परत आली ती पार्क चालवायला. वर्षभरात तिने स्वच्छतागृहं स्वच्छ केली, तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला हसायला शिकवलं आणि बापाला सांगितलं की आता एक नवीन भाग काढायचा. नुसती आणखी एक घसरगुंडी नाही, एका कल्पनेवर उभारलेली अख्खी वेगळी दुनिया. लोकांनी कमानीतून आत पाऊल टाकलं की दुसऱ्या मुलखात आल्यासारखं वाटलं पाहिजे.

हरिशंकरपुरमला माझ्या घरी येऊन ती मला हे समजावत बसायची. परदेशातले पार्क असे नवे भाग कधी उघडतात, कुठला चालला, कुठला पडला, सगळं तिला पाठ. "आत्या, सीधी बात आहे," ती म्हणायची, "मोसम सुरू व्हायच्या थोडं आधी उघडायचं. पहिले काही दिवस गुपचूप, शाळेच्या मुलांना बोलावून. काय बिघडतं ते बघायचं, ठीक करायचं, मग ढोल बजाओ. आणि पहिल्या दिवशीची गर्दी बघून खूश नाही व्हायचं. लोक दुसऱ्या साली परत येतात की नाही, असली परीक्षा तीच."

पुण्याच्या एका मोठ्या पार्कने तिला बोलावून ठेवलं होतं. तिने बापाला स्पष्टच सांगितलं, "बाबा, हा नवा भाग मी करणार आणि उघडायची तारीख मी ठरवणार. एवढं मान्य असेल तर मी इथेच राहीन, नेहमीसाठी. नाहीतर मी इथे नुसती बसून काय करू?" दादा हो म्हणाला. वहिनीने त्या संध्याकाळी मला फोन केला आणि रडली. मुलगी राहते आहे म्हणून. मीही जरा रडले, फोन ठेवल्यावर.

पहिला खटका कल्पनेवरच उडाला. भाचीला हवं होतं चंबळ. मातीच्या घळी, त्यातून सुसाट सुटणारी होडी, वळणावर जबडा उघडणारी सुसर आणि कड्यावर बंदुका रोखलेले बागी. "इथल्या लोकांच्या घराघरात याचे किस्से आहेत," ती म्हणाली. "भिंड-मुरैनाहून बसेस भरभरके येतील."

दादाचा चेहरा पडला. "ज्या घराण्याने दरबारात मान घेतला, त्याने डाकू दाखवायचे?"

मग दादाने कोकण काढलं. कोकणाशी आमचा संबंध एवढाच की सात पिढ्यांपूर्वी कोणीतरी तिथून निघालं, बहुधा कंटाळून. दादा स्वतः एकदा चार दिवसांच्या सहलीला गेला होता आणि त्यातले दोन दिवस पोट बिघडून खोलीत होता. पण कोकण म्हणताना त्याने डोळ्याला रुमाल लावला. भाचीने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "चल, कोकण तर कोकण. पण तारीख माझी."

कामाला सुरुवात झाली. फायबरची नारळाची झाडं आग्र्याहून आली. करणाऱ्याने जन्मात नारळाचं झाड पाहिलं नव्हतं, त्याने खजुरीला नारळ लावून दिले. दीपस्तंभ पाण्याच्या टाकीसारखा दिसायचा. कौलारू दुकानात कोकम सरबत ठेवायचं ठरलं, चव बघायला दिलं तर सुपरवायझर म्हणाला, "मैडम, ये जामुन की दवाई है क्या?" पण लाटांचा तलाव मात्र झकास जमला होता. यंत्र सुरू केलं की एका टोकाकडून लाट उठायची, ती थेट वाळूपर्यंत यायची. मी साडी वर खोचून उभी राहिले आणि लाटेने मला खाली बसवलं. दादा एवढा हसला की मला राग यायचा राहून गेला.

मार्च संपायच्या आत सगळं तयार होतं. सरकारी असो की खाजगी, ग्वाल्हेरात एखादं काम वेळेवर पुरं झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. भाचीने तारीख सांगितली: परीक्षा संपल्या की दुसऱ्याच दिवशी.

दादा म्हणाला, "हो, हो. फक्त काकांना एकदा विचारतो."

काकांनी दोन्ही पंचांगं उघडली. गुढीपाडवा नुकताच हुकला होता, तेव्हा दीपस्तंभाला रंग नव्हता. आता शेजाऱ्यांच्या पंचांगात खरमास चालू, सूर्य मीन राशीत, शुभकार्य वर्ज्य. आपल्या लोकांत एवढं मानत नाहीत, मी म्हणाले. काका म्हणाले, "आपण राहतो कुठे?" बरं, मग अक्षय्य तृतीया धरली. दोन्हीकडे शुभ. फेट्यांची ऑर्डर गेली. आणि तृतीयेच्या दोन दिवस आधी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली की साताऱ्याकडचे कोणी भाऊबंद गेले. त्यांना आमच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं. त्यांना आम्ही आहोत हे ठाऊक असण्याचीही शक्यता नव्हती. काकांनी सुतक धरलं.

"बाबा, कोण होते ते?" भाचीने विचारलं.

"आपलेच," दादा म्हणाला.

सुतक फिटलं तर दोन्ही पंचांगांचं एका दिवसावर जमेना. जमतंय म्हणेपर्यंत अधिक महिना लागला. त्यात नवं काही करत नाहीत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नवरी चांगली नाकेली होती, विघ्नं वऱ्हाडी शोधून आणत होते.

तो मे महिना मला आठवला की अजून जीव जळतो. लू अशी चालली होती की दुपारी कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नव्हती. जुन्या तलावात माणसावर माणूस. आणि पलीकडे पत्र्याच्या कुंपणाआड अख्खा समुद्र निळाशार, रिकामा. पोरं पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी असायची. "अंकल, ये कब खुलेगा?" गेटवरचा माणूस वर आकाशाकडे बोट दाखवायचा. भाची रोज सकाळी लाटांचं यंत्र चालवून बघायची, पाणी तपासायची आणि बंद करायची. सुरुवातीला ती भांडली. मग बोलेनाशी झाली. ती बोलेनाशी झाली याचीच मला जास्त भीती वाटली.

मी दादाच्या घरी गेले आणि चपला न काढताच बोलायला सुरुवात केली. "दादा, उद्या पत्रे काढ. तू तिला शब्द दिला होतास."

"शब्द दिलाय म्हणूनच तर," तो म्हणाला. "हे चाललं नाही तर ती निघून जाईल. मला यात एक चूक नको आहे. एक पण नको. म्हणून चांगल्यातला चांगला दिवस बघतोय."

मी खुर्चीवर बसले. पोरगी जाईल या भीतीने हा माणूस तिला घालवत होता, आणि ते त्याला सांगून कळणार नव्हतं. तरी सांगितलं. तो म्हणाला, "तू नेहमीच उतावीळ." वहिनीने माझ्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवला आणि दादाकडे न बघता आत गेली.

अधिक महिना संपला तोवर पाऊस आला, शाळा उघडल्या. मग देव झोपले. मग पितर आले. शेवटी उरला दसरा, साडेतीन मुहूर्तांतला पुरा एक. काकांनाही त्यात खोट काढता आली नाही.

दसऱ्याला दुपारी विजय मुहूर्तावर कोकण उघडलं. जुन्या घराण्यांतले झाडून सगळे आले होते, फेटे बांधून. आधी नारळ कोणी फोडायचा यावर वाद झाला, कारण दरबारात कोणाचे पणजोबा कोणाच्या उजव्या हाताला बसत हे पक्कं होत नव्हतं. मग भाषणं. एका सरदार घराण्यातल्या गृहस्थांनी आम्हाला अटकेपार नेलं आणि परत आणायला विसरले. लाटा सुरू केल्या तेव्हा पाण्यात उतरलं कोण? धोतर सावरत तीन म्हातारे, घोट्यापर्यंत. "गार आहे हो," म्हणून तेही बाहेर आले. बाकी गाव त्या संध्याकाळी रावण बघायला गेलं होतं. दसऱ्याच्या दिवशी गाव रावण बघायला जातं, हे सांगायला दोनपैकी एकही पंचांग लागत नाही.

भाची तिकीटघराजवळ उभी होती. सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती, आपट्याची पानं घेत होती. मी तिला सोनं दिलं तर म्हणाली, "आत्या, छान झालं ना? फोटो अच्छे आएँगे." बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांच्या त्या गर्दीत तीच एकटी हसत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

दिवाळीत लोक स्वेटर घालून आले, खजुरीच्या नारळांखाली फोटो काढले, तिळाची गजक खाल्ली आणि गेले. इंदरगंजात म्हणायला लागले, पोरीचं डोकं, पैसे पाण्यात घातले. दादाने ते ऐकलं आणि कोणाला सांगितलं नाही की तारीख पोरीची नव्हती. यासाठी मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. तुळशीचं लग्न झालं आणि भाची पुण्याला गेली. जाताना भांडली नाही. बापाच्या पाया पडली, लाटांचं यंत्र कसं चालवायचं ते त्याला पुन्हा एकदा नीट समजावलं.

पुढच्या एप्रिलात दादाने काकांना विचारलं नाही. परीक्षा संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः कुलूप काढलं. मला बोलावलं म्हणून मी गेले. दुपारपर्यंत कमानीतून आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. भिंडहून बस आली होती, मुरैनाहून आली होती. लाट उठली की हजार पोरं एकदम किंचाळायची. कोकम सरबत संपलं. जामुनची म्हणा, कशाची म्हणा, पण संपलं.

दादा विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभा होता. त्याने तिला फोन लावला आणि लाटेकडे धरला. "ऐक," तो ओरडला. "ऐकलंस? तुझं चाललं! तुझंच बरोबर होतं!" मग फोन कानाला लावून, आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "ये ना परत. तू म्हणशील तसं करू. पुढे चंबळ करू."

मी शेजारीच होते, मला तिचा आवाज येत होता. ती हसली, खरंच आनंदाने हसली. मग म्हणाली, "बाबा, मला फार बरं वाटलं हो ऐकून. पण आता नाही जमणार. इथे माझ्यावर कामाची जबाबदारी आहे, आणि मला इथे आवडतंय." अख्ख्या बोलण्यात एकही हिंदी शब्द नव्हता.

"हां, हां, कोई बात नहीं," दादा म्हणाला. फोन बंद झाल्यावरही तो तसाच कानाला धरून उभा राहिला. लाट आली, पोरं किंचाळली, आणि त्याची वर केलेली विजार कमरेपर्यंत भिजली.