बापाचं नाव मोठ्याने घे

"बापाचं नाव ऐकू आलं नाही. परत बोल. मोठ्याने."

साहेब खुर्चीत रेलून बसला होता. त्याचा कारकून मोबाईल आडवा धरून माझा चेहरा नीट बसवत होता. मी भिंतीला पाठ लावून उभी, शेजारी बाबा. पेणमधल्या एका सरकारी कचेरीतली केबिन. माझ्या डोक्यावर पाटी होती, 'मोबाईलवर चित्रीकरण करण्यास सक्त मनाई आहे'. त्याच पाटीखाली माझं चित्रीकरण चाललं होतं. तेव्हा मला ते दिसलंसुद्धा नाही, इतकी मी घाबरले होते.

पहिल्या वेळी मला रडू फुटलं, म्हणून ते चित्रीकरण पुसलं. दुसऱ्या वेळी बाबांचं नाव मी गिळलं. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर त्यांचं नाव किती वेळा लिहिलं असेल. पण असं, माफी मागताना, त्यांच्या देखत? बाबा लग्नाकार्याचा शर्ट घालून आले होते. सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. कचेरीत जायचं म्हणून सकाळी दगडाने घासघासून पाय धुतले होते त्यांनी.

"म्हन गो," ते हळूच म्हणाले. "एकदा म्हन, मंग घरा जाव."

तिसऱ्या वेळी मी चांगलं बोलले. माझं नाव, बाबांचं नाव, गाव. "साहेबांचा व्हिडिओ काढून मी चूक केली. पुन्हा असं करणार नाही. मला माफ करावं." एका दमात. शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं. आणि मी थांबले तेव्हा बाबांनी हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि वाकले.

मी केलं काय होतं, तेही सांगते. आमचं गाव खाडीकडचं. मोठ्या उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी भातात शिरलं. एकदा खार बसली की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड काही येत नाही. साहेब पंचनाम्याला आला. आला तो थेट माजी सरपंचाच्या ओटीवर, पंख्याखाली बसला. पुढ्यात चिंबोऱ्यांचं ताट. जेवता जेवता एकेकाला विचारायचा, कारकून लिहायचा. कोणाचं शेत पूर्ण गेलं, कोणाचं थोडं, सगळं ओटीवरच ठरत होतं. बांध तिथून हाकेच्या अंतरावर. आमचं शेत 'अंशतः' लिहिलं. आमच्या शेतात तेव्हा कोळंबी फिरत होती.

मी फोन काढला. फोनमागूनच म्हटलं, "साहेब, जरा बांधावर चला ना." एवढंच. ते गावच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांनी साहेबाच्या कचेरीतून निरोप आला, बापाला घेऊन ये.

केबिनमध्ये साहेब आधी बाबांवरच घसरला. "मिठागरवाल्यांना आता रिपोर्टर व्हायचंय का?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सरकारी कामात अडथळा. आत जाशील. जामिनाला बापाकडे काय आहे?" मला कायदा ठाऊक नव्हता. माफी मागायला मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

तो माफीचा व्हिडिओ आधी आमच्या ग्रुपवर आला, मग दुसऱ्या गावांत गेला. मी जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. तिथल्या बायका काही बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन मागच्या बाजूला, कच्च्या मूर्तींच्या आड बसू लागले. बाबा नाक्यावर चहाला जायचे बंद झाले. घरात आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. त्यांना माझी लाज वाटत होती की मला त्यांची, कोण जाणे. मला दोघांचीही वाटत होती.

मग एक दिवस कामावरून पेणला येणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर माझाच आवाज आला. "...मी चूक केली. पुन्हा असं करणार नाही..." कॉलेजच्या दोन मुली बघत होत्या. मी धुळीसाठी तोंडाला ओढणी बांधलेली, त्यामुळे त्यांनी ओळखलं नाही. एक म्हणाली, "बाई जाऊ दे, तिचा बाप बघ कसा वाकलाय." दोघी हसल्या. वाईट नव्हत्या त्या, आपल्याला जसं हसू येतं तसं त्यांना आलं. मला मात्र बसच्या खिडकीतून उडी मारावीशी वाटली.

पण व्हिडिओ तिथे संपला नाही. मी तो कधी शेवटपर्यंत बघितलाच नव्हता. बाबा वाकतात तिथे बंद करायचे. कारकुनाने मोबाईल बंद करायला उशीर केला होता. बाबा वाकल्यानंतर कॅमेरा जमिनीकडे जातो, बाबांचे घासून धुतलेले पाय दिसतात आणि साहेबाचा हसण्याचा आवाज येतो. "बास. घाबरली. आता त्या गावात कोणी फोन वर करणार नाही."

मी घरी येऊन तेवढाच भाग परत परत ऐकला. म्हणजे मी काही गुन्हा केला असं त्यालाही वाटत नव्हतं. त्याला फक्त गाव गप्प करायचं होतं आणि त्यासाठी त्याने माझं तोंड आणि माझ्या बापाची पाठ वापरली. तेव्हा पहिल्यांदा माझी लाज जाऊन मला राग आला. खरं तर लाज गेली नाही, ती अजून आहे. पण आता ती एकटी नव्हती.

पेणच्या वकिलांची त्या कचेरीत रोजची उठबस, म्हणून मी रोह्याला गेले. माझी बहीण तिथे जवळच, वरश्याला राहते. तिच्या शेजारी एक वकीलबाई आहेत. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "तुझ्या डोक्यावरची ही पाटी म्हणजे कायदा नाही. कुठल्या आदेशाने लावली ते लेखी विचार. आणि ओटीवर, चार लोकांत चाललेलं सरकारी काम कोणी शूट करू नये, असं सरसकट सांगणारं कलम माझ्या तरी माहितीत नाही. पण ते अडथळ्याचं कलम लावू शकतात. खोटं असलं तरी तुला फेऱ्या पडतील. तयारी आहे?"

मी लगेच हो म्हटलं नाही. चार दिवस घेतले. मग अर्ज दिला. पाटीचा आदेश दाखवा. उत्तर आलं नाही, अजून आलेलं नाही.

पुढच्या अमावास्येला बांध परत फुटला. साहेब परत आला, त्याच ओटीवर बसला. या वेळी एकाचाही फोन वर नव्हता. बायकांनी फोन कमरेला खोचलेले, पुरुषांचे खिशात. साहेबाने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ताट पुढे ओढलं.

मी फोन वर केला.

"परत सुरू केलंस?" साहेब म्हणाला. "लिहा रे हिचं नाव."

कारकुनाने पेन काढलं. तो विचारायच्या आधी मीच नाव सांगितलं. माझं, मग बाबांचं, मग गावाचं. मोठ्याने. ओटीच्या पार त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. बाबा पायरीशी उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. जमलेल्या माणसांतून वाट काढून ते बांधाकडे निघून गेले. मला वाईट वाटलं. फोन मी खाली घेतला नाही.

साहेब त्या दिवशीही बांधावर आला नाही. मला अडथळ्याच्या कलमाची नोटीस आली आहे, तारखेला मी जाणार आहे.

माफीचा तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. बहीण म्हणते पुसून टाक गो, कशाला बघतेस. मी पुसणार नाही. ज्या दिवशी हा साहेब गुडघाभर चिखलात उभा राहून आमच्या शेताचा पंचनामा लिहील, त्या दिवशी मी त्याचं चित्रीकरण करीन आणि त्याच ग्रुपवर टाकीन. खाली माझं नाव असेल, बापाच्या नावासकट.